कराडच्या क्लिपा

आमच्या सासरी तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. नाही म्हणायचं असलं की ते कुठल्यातरी वस्तूवर ढकलतात. शेजाऱ्याला बैल द्यायचे नसले की बैलाचा खूर दुखत असतो. मला माहेरी पाठवायचं नसलं की एस.टी.ची वेळ बदललेली असते. मी सांगलीच्या गावभागातली. आमच्याकडे नको असलं की नको म्हणतात आणि जेवायला बसतात. त्यामुळे लग्न होऊन आले त्या वर्षी मी खरोखर गोठ्यात जाऊन बैलाच्या खुराला हळद आणि तेल लावून आले होते. सगळं घर तोंडाला पदर लावून हसलं.

गाव विट्याच्या पलीकडे, मायणीच्या रस्त्याला. इकडचे निम्मे पुरुष गलाईच्या धंद्यात. सोनं गाळून शुद्ध करायचं, त्यासाठी कुणी मद्रासकडे, कुणी कानपूरकडे, कुणी कलकत्त्याला दुकान थाटून बसलेला. वर्षातून एकदा, चैत्रातल्या जत्रेला, सगळे गावी येतात. जत्रा संपली की गावात पुन्हा बायका, म्हातारी माणसं आणि नानासोसारखे शेतीकडे बघणारे उरतात. नानासो म्हणजे माझा नवरा. तो शेतीकडे खरंच नुसता बघायचा. करायच्या त्या माझ्या थोरल्या जाऊबाई.

त्यांचं नाव शालूबाई. मी त्यांना आक्का म्हणते. माहेर वडूजकडचं, कोरडवाहू रानातलं, त्यामुळे आमच्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचं त्यांना भारी कौतुक. हँडल मारून ते सुरू करणं, पाइपात हवा धरली तर काढणं, पाइप सुटला तर वरून क्लिप आवळणं, हे सगळं त्या करायच्या. क्लिप म्हणजे पाइपाभोवती बसवायचा पत्र्याचा गोल पट्टा. स्क्रू पिळला की तो आवळत जातो. आक्कांच्या कमरेला किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर एक छोटा स्क्रूड्रायव्हर कायम असायचा. दुसऱ्या बायका तिथे चांदीचा छल्ला लावतात.

त्यांचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर जोतीराम, मद्रासकडे सेलमला, गलाईच्याच दुकानात. मला ते वर्षातून आठ-दहा दिवस दिसायचे, आणि खरं सांगायचं तर आक्कांनाही तेवढेच. त्यातही जत्रेचं घर, ओसरीवर पाहुणे, चुलीवर मटण, माजघरात नणंदांची पोरं झोपलेली. नवराबायकोनं एकमेकांशी चार शब्द बोलायचे तर ते सगळ्यांच्या देखत आणि कामाचे. “चा ठिवलाय.” “व्हय.” एवढ्यावर माझ्या जावेनं लग्नाची कितीतरी वर्षं काढली होती. मूल नव्हतं. वर्षाकाठी आठ दिवस येणाऱ्या माणसाच्या बायकोला मूल का नाही, असं विचारणाऱ्या बायका आमच्या गावात होत्या, आणि त्या मला अजिबात आवडत नसत.

गावातले बाकीचे लोक हळूहळू बायकांना तिकडे नेऊ लागले होते. आक्कांना जायचं होतं. दुसरं काही नको होतं त्यांना. दागिने नको, लुगडं नको. नवरा बसतो कुठं, जेवतो कुठं, झोपतो कुठं, ते बघायचं आणि तिथं राहायचं. दर जत्रेला, निघायच्या आदल्या दिवशी, भाकरी थापता थापता त्या खालमानेनं विचारायच्या, “औंदा यिऊ का मी?” आणि दर वर्षी कुठलीतरी वस्तू आड यायची. एका वर्षी खोलीचं छप्पर गळत होतं. एका वर्षी सेलमच्या पाण्यानं पोटं बिघडत होती.

खरं कारण ओसरीवर बसलेलं असायचं. आमच्या सासूबाई, हरणाबाई. त्यांचे मालक पलटणीत होते. सासूबाईंनी सगळी उमर या घरात, सासू-सासऱ्यांची उठबस करत, त्यांची वाट बघत काढली. ते पेन्शनीत आले आणि वर्षभरात वारले. सासूबाई वाईट नव्हत्या. पण थोरल्या सुनेनं घर धरायचं असतं, आपण धरलं, हिनं धरावं, एवढं त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. तसं त्यांनी कधी म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती. त्या नुसत्या म्हणायच्या, “मी न्हाई का ऱ्हायले?”

चौऱ्याहत्तर साली जोतीरामभाऊजी मोटार घेऊन आले. जुनी, काळी अँबॅसिडर. चैत्रातलं ऊन आणि लांबचा पल्ला, त्यात खालच्या सायलेन्सरची धग वर येऊन पाय भाजायचे, म्हणून सेलमच्या कुणा मिस्त्रीनं सायलेन्सर आणि गाडीचा तळ यांच्यामध्ये एक लांब पत्रा बसवून दिला होता. धग थांबली. पण दुसऱ्या वर्षी त्या पत्र्याची भोकं झिजून मोठी झाली, स्क्रू त्यातून आरपार निघायला लागले आणि पत्रा वाजायला लागला. असा की गाडी खिंडीच्या वळणावर असतानाच आमच्या कुत्र्याला कळायचं.

त्या वर्षी आम्ही सगळे विट्याला बाजाराला गेलो त्याच गाडीतून. पुढं भाऊजी आणि नानासो, मागं सासूबाई, आक्का आणि मी. आक्का भाऊजींच्या बरोबर मागं होत्या. वाटेत त्या पुढं वाकून काहीतरी म्हणाल्या. भाऊजी ओरडले, “काय?” त्यांनी पुन्हा सांगितलं. “आँ?” खालून पत्रा थडथड करत होता. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलंच नाही, मागं टेकून बसल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. घरी आल्यावर मी विचारलं, काय सांगत होता? म्हणाल्या, “काय न्हाई. त्यांचा सदरा मागं खांद्यावर उसवलाय, त्येवढंच.”

आणि त्या वर्षीचं उत्तर आयतंच तयार झालं. “गाडीचा पत्रा वाजतुया,” भाऊजी म्हणाले. “घाटात कुठं पडला तर बाईमाणसाला घिऊन मी कुठं थांबू? नीट झाला म्हंजी बघू.”

मला वाटलं होतं, आक्का नेहमीसारख्या भाकरी उलटतील. त्यांनी उलटलीही. पण त्यांचा चेहरा मी बघितला. मला तो चेहरा विहिरीवरचा ओळखीचा होता. इंजिन सुरू होत नसलं की त्या त्याच्याकडे अशा बघत.

शहात्तरच्या जत्रेला भाऊजी आले ते तसेच वाजत. त्यांनी मधे तारेनं पत्रा बांधून बघितला होता, तार तुटली होती. पाच-सहा दिवस पाहुण्यांत गेले, मग आक्कांनी गुंडाला बोलावलं. गुंडा गावातले फुटके डबे, बादल्या, घमेली सांधून द्यायचा. माणूस भला, पण विचार करायची त्याला सवय नव्हती. तो गाडीखाली सरपटत गेला, शेगडी पेटवली, कथील वितळवलं आणि पत्र्याला चार ठिकाणी छान चकचकीत डाग देऊन आला. आम्ही दोघी खूश. त्याला शेर-दोन शेर ज्वारी दिली. दुपारी भाऊजी पाहुण्यांना सोडायला विट्याला गेले. जाताना गाडी गप गेली आणि येताना खिंडीपासूनच थडथडत आली.

मला आधी कळेना. आक्कांना एका क्षणात कळलं आणि त्या चुलीपुढं बसून पोटभर हसल्या. ज्या घरातला माणूस धातू वितळवून घर चालवतो, त्या घरातल्या दोन बायकांना कथील तापलं की वितळतं हे आठवू नये! सायलेन्सर तापला, कथील पातळ होऊन विट्याच्या रस्त्यावर गळून गेलं. हसता हसता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “आता माज्याकडं दोनच दिस हायती.”

दुसऱ्या दिवशी कुस्त्या. कुस्त्यांच्या दिवशी दुपारनंतर गावात पुरुष शोधून सापडत नाही. आक्कांनी सकाळीच भाऊजींना सांगितलं होतं, “गाडी त्या चरावर लावा, तितं लिंबाची सावली हाय.” खळ्याजवळ पाइपलाइनीसाठी खणलेला कमरेइतका चर होता. भाऊजींनी दोन चाकं या काठावर, दोन त्या काठावर, अशी गाडी लावली आणि सावलीत लावली म्हणून बायकोचं कौतुकही केलं. ते फडाकडे गेल्यावर आक्कांनी चारी चाकांना मोठे दगड लावले, लुगड्याचा काचा घट्ट मारला आणि चरात उतरल्या.

“आक्का, हे बरं दिसत नाही,” मी म्हणाले.

“खाली कोण बघाया येतंय? पान्यांची पेटी दे.”

तव्यावर पाणी शिंपडून बघतात तसं त्यांनी सायलेन्सरवर पाणी उडवलं. चुरचुरलं नाही. मग हात लावला. मी चराच्या काठावर बसून वाकून बघत होते. त्या पत्रा हातानं हलवून कुठं कुठं लागतो ते बघत होत्या. गुंडानं तो कशाला चिकटवायचा एवढंच बघितलं होतं. आक्का म्हणाल्या, “पत्रा लोखंडाला टेकतोय तितं वाजतोय. टेकू द्यायचा न्हाई, आन् हलू बी द्यायचा न्हाई.” मग त्यांनी पत्रा ज्या दोन ठिकाणी सायलेन्सरवर बसकण मारत होता तिथून तो बाहेर वाकवायला काढला. हातोडी सापडेना. नानासोनं ती कुठं टाकली होती ते देवाला ठाऊक. “वरवंटा आण,” त्या म्हणाल्या. सासूबाईंचा वरवंटा मी पदराखाली लपवून आणला. दगडाचे ठोके फडावरच्या हलगीत मिसळून गेले.

पत्रा वाकला. आता धरून ठेवायचा कशानं? आक्कांनी कमरेच्या ओच्यातून चार क्लिपा काढल्या. विहिरीवरच्या पाइपाच्या चारही. सकाळी शेण टाकायला म्हणून गेल्या होत्या तेव्हाच त्यांनी त्या उतरवून आणल्या होत्या. एक क्लिप सायलेन्सरला पुरेना, म्हणून दोन-दोन एकीत एक अडकवून त्यांचे दोन लांब पट्टे केले, सायलेन्सर आणि पत्रा दोन्हींच्या भोवती घालून एक पुढं आणि एक मागं आवळला. कमरेचा स्क्रूड्रायव्हर इथंही कामाला आला. हातानं पत्र्यावर जोरात मारून बघितलं. आवाज नाही. वर आल्या तेव्हा कपाळावरच्या कुंकवात काजळी मिसळली होती आणि एका गालावर गंजाचा फराटा होता. मी इतकी सुंदर बाई तोवर बघितली नव्हती. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

“नीट झाला म्हंजी बघू, म्हणले हुते,” त्या म्हणाल्या. “आता काय म्हणत्यात बघूया.”

निघायच्या दिवशी सकाळी भाऊजींनी गाडी काढली आणि मारुतीच्या देवळापर्यंत नेली. तिथं थांबले. उतरून खाली वाकून बघितलं. गाडी परत दारात आणली आणि इंजिन बंद करून तसेच स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. आक्का उंबऱ्यात उभ्या होत्या. सासूबाई ओसरीवर. मी खांबाआड.

“गाडी आता वाजत न्हाई,” भाऊजी आईकडे बघून म्हणाले. हे त्यांनी म्हटलं याचं मला अजून कौतुक वाटतं. ते गप्प बसू शकले असते.

 तेवढ्यात नानासो रानातून आला तो बोंबलतच. पाइप सुटलाय, क्लिपा गायब, चोर आले होते. सासूबाईंनी गाडीखाली नजर टाकली, मग आक्कांच्या कमरेच्या स्क्रूड्रायव्हरकडे. “मग उसाला पाणी कसं द्यायचं गं?” त्या म्हणाल्या. आवाज साधा होता. पण मला कळलं, आणि आक्कांनाही कळलं, की नवीन वस्तू आड आली. आता ऊस आणि विहीर.

आक्का खाली बघत होत्या. मला वाटलं, रडतील. त्यांनी मान वर केली.

“क्लिपा कराडला मिळत्यात, आत्याबाई. मी घिऊन येते. ह्यांच्या गाडीतनं कराडपातूर जाते आन् यष्टीनं माघारी येते.”

विट्याला हार्डवेअरची दुकानं होती. ओसरीवरच्या प्रत्येकाला ती ठाऊक होती. नानासोनं तोंड उघडलं, मी त्याचा पाय तुडवला.

“इट्याच्या टिकत न्हाईत,” आक्का म्हणाल्या.

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “जा. सांच्यापतूर ये.”

आक्का धुवट लुगडं नेसून मागच्या सीटवर बसल्या. गाडी गेली. दिवसभर माझा कामात जीव लागेना. दोनदा आमटी उतू गेली. दिवेलागणीच्या एस.टी.नं आक्का आल्या, हातात कागदात गुंडाळलेल्या चार क्लिपा. रात्रीची भांडी घासताना मी हळूच विचारलं, “काय काय बोललात?”

“येशीबाहेर गाडी उभी केली. म्हणले, फुडं यिऊन बस.”

“मग?”

“मग बसले की.”

“आणि बोललात काय?”

आक्का राखेनं पातेलं घासत होत्या. “काय बी न्हाई,” त्या म्हणाल्या. “गाडी वाजत नव्हती. सगळं ऐकू आलं आसतं. पर त्यांना काय सुचना, मला काय सुचना. कराडच्या अलीकडं वगलेवाडी आली तवा म्हणले, भूक लागली का. म्या म्हणलं, न्हाई. लय भूक लागली हुती.” आणि त्या हसल्या. पण पातेलं घासून झालं होतं तरी त्या घासतच होत्या. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, त्यांच्या नाही.

मग ते दर वर्षाचं झालं. जत्रा संपली, भाऊजी निघाले, की आक्का म्हणायच्या, “क्लिपा आणाया पायजेत.” आणि गाडीत बसायच्या. इंजिनाला वर्षाला एखादी क्लिप लागली तर लागली. उरलेल्या ओसरीवरच्या खुंटीवर टांगल्या जायच्या, सासूबाई बसायच्या तिथंच डोक्यावर. घोस वाढत गेला. आमच्या घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. काढणार कसा, सगळी कारणं आम्हीच असली काढत आलेलो.

आणि पुढच्या वर्षापासून ती दोघं बोलायला लागली. वर्षभर आक्का मनात साठवून ठेवायच्या, रस्ता संपेपर्यंत सांगायच्या आणि ऐकून यायच्या. मग मला सांगायच्या. खोली माडीवर आहे. खिडकीतून देवळाचं तळं दिसतं. जिन्याच्या दोन पायऱ्या तुटल्यात. शेजारीण तमिळ आहे आणि सणाला केळीच्या पानावर काहीबाही आणून देते. भाताचा त्यांना कंटाळा येतो पण भाकरी थापायला येत नाही. एकदा थापली तर दुकानातली माणसं हसली. आठवड्यातून एकदा स्वतः धुणं धुतात. भट्टीच्या धुरानं रात्री खोकला येतो.

हळूहळू आक्कांनी त्या खोलीत न जाताच ती मांडायला घेतली. “मडकं दारात ठिवत्यात. ऊन येतंय तितं. म्या म्हणलं, खिडकीच्या खाली ठिवा.” पुढच्या वर्षी भाऊजींनी सांगितलं, ठेवलंय, पाणी गार राहतंय. आक्का किती दिवस त्या गार पाण्यावर खूश होत्या. कधी शेंगा फोडता फोडता मधेच थांबायच्या आणि म्हणायच्या, “दोरी उत्तरेच्या भितीला बांधाया सांगाय पायजे हुती, तितं धुणं वाळत नसंल.” आणि जत्रेला अजून कितीतरी महिने असायचे. विसरू नये म्हणून मला लक्षात ठेवायला सांगायच्या. मी वैतागून म्हणायचे, तुमचा संसार मी किती दिवस डोक्यात वागवू? त्या म्हणायच्या, “वागीव की गं, माज्या डोक्यात जागा न्हाई.”

एक्क्याऐंशीच्या दिवाळीनंतर आम्ही सोप्यात शेंगा फोडत होतो. आक्का असंच काही खोलीचं सांगत होत्या. सासूबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेल्या. आम्हाला वाटलं, डोळा लागलाय. मधेच त्या डोळे न उघडता म्हणाल्या, “मडकं खिडकीखाली हाय म्हणतीस, तर पोरी ते लवंडत न्हाई का वाऱ्यानं?”

आक्का गडबडल्या. “न्हाई, आत्याबाई. चुंबळ केलीया त्यांनी.”

आम्ही पुन्हा शेंगा फोडायला लागलो. मग सासूबाई म्हणाल्या, “ह्यांची पलटणीतली बराक कसली हुती ते मला ठावं न्हाई. इचारलंच न्हाई कवा.” आणि उठून गोठ्याकडे गेल्या.

त्या हिवाळ्यात आमच्या विहिरीवर वीज आली. इंजिन विकलं आणि मोटार बसवली. नवे लोखंडी पाइप, ते सगळे नटबोल्टनं जोडलेले. नानासोनं पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा गावातली पोरं टाळ्या वाजवत होती. मी आक्कांकडे बघितलं. त्या पाइपांच्या जोडांकडे बघत होत्या. एकाही जोडावर क्लिप नव्हती.

ब्याऐंशीची जत्रा त्यांनी इतकी मन लावून केली की मला भीती वाटली. पुरणपोळ्या, मटण, पाहुण्यांची उठबस, काहीच चुकलं नाही. निघायच्या दिवशी भाऊजींनी गाडी दारात आणली आणि इंजिन चालू ठेवून उभे राहिले. ते वाट बघत होते. आक्का उंबऱ्यात आल्या, धुवट लुगडं नव्हतं, हात पिठाचे.

“चला मग,” भाऊजी म्हणाले, कुणाला ते कळलं नाही.

“व्हय,” आक्का म्हणाल्या. “संबाळून जावा. दोरीचं तेवढं बघा.”

मी त्यांच्या पाठीला हात लावला. त्या हलल्या नाहीत. जायला कारण उरलं नव्हतं. वस्तू संपली होती आणि सरळ तोंडानं मागायचं या घरात कुणाला येत नव्हतं, मला येत होतं ते मीही विसरले होते. भाऊजी दाराला हात लावून उभे होते, आत बसत नव्हते.

“शालू,” सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या. “क्लिपा आणायच्या न्हाईत का?”

आक्का वळल्या. “आता मोटार बसली, आत्याबाई. क्लिप लागत न्हाई.”

“लागत न्हाई कशी?” सासूबाईंच्या डोक्यावर खुंटी होती आणि खुंटीवर क्लिपांचा घोस. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. “गाडीच्या पत्र्याला लागंल की. किती वर्सं झाली त्या बसवून. घाटात पडला तर?”

“खुटीवरच्या देऊ का काढून?” नानासो म्हणाला. या माणसाचा पाय मी आयुष्यभर तुडवत आले.

“त्या कराडच्या,” सासूबाई म्हणाल्या. “कराडच्या टिकत न्हाईत. सेलमला चांगल्या मिळत आसतील. तितं जाऊन बघ.”

 चालू गाडी दारात हलके गुरगुरत होती. भाऊजींनी हात दारावरून काढून डोळ्यांवरून फिरवला.

“सेलमला?” आक्कांनी विचारलं. 

“मग काय तर. आन् लुगडी घे चार. क्लिप लगीच घावंल आसं न्हाई.”

मी आत पळाले आणि ट्रंक ओढली. लुगडी भरताना मला आनंद किती आणि राग किती ते कळत नव्हतं. विहीर, गोठा, चूल, सासूबाई, सगळं आता माझ्या अंगावर येणार होतं, आणि रात्री भांडी घासताना बोलायला कुणी उरणार नव्हतं. तरी मी सगळ्यात चांगली दोन लुगडी माझी भरली. भाकरीचं पीठ बांधून दिलं. आक्कांनी सासूबाईंच्या पायावर डोकं ठेवलं, त्यांनी डोक्यावर हात जरा जास्त वेळ ठेवला. मला आक्कांनी जवळ घेतलं आणि कमरेचा स्क्रूड्रायव्हर काढून माझ्या हातात दिला. पुढच्या सीटवर बसल्या त्या, वेशीच्या आतच, सगळ्या गावासमोर.

गाडी गेली. मारुतीच्या देवळापाशी थोडी धूळ दिसली, मग तीही बसली. मी ओसरीच्या पायरीवर बसले. सासूबाई रस्त्याकडे तोंड करून बसून होत्या, मान जराशी तिरकी, कानावरचा पदर मागं सारून.

“गेली आसंल का गं खिंडीपतूर?” त्यांनी विचारलं.

“कळत नाही, आत्याबाई.”

त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “पत्रा वाजत आसता, तर कळलं आसतं कुठवर गेली ती.”